अर्धगुणसूत्री विभाजन समजून घेताना: लोकरीच्या धाग्यांपासून कांद्याच्या गोंड्यापर्यंत

हापूसची कोय लावली की हापूसच लागेल, या आशेने पुण्यात आजही अनेक घरांच्या परसात कोयी रुजत घातल्या जातात. काही वर्षांनी झाड फळाला येते, तेव्हा आंब्याचा आकार, साल, गर किंवा स्वाद यांपैकी काहीतरी मूळ झाडाहून निराळे निघते, आणि हापूस हवा असेल तर कलमच आणायला हवे होते, हे मग कोणीतरी सांगते. कलमात जुनेच झाड दुसऱ्या मुळांवर वाढत असते. कोयीतून मात्र नवा जीव येतो, आणि तो घडण्याआधी मोहोरातल्या परागकोशात व बीजांडात अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजेच गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे पेशीविभाजन (मायोसिस), होऊन गेलेले असते. मूळ झाडातला जनुकांचा मेळ तिथेच मोडतो आणि नवा मांडला जातो.

हा लेख दहावी-बारावीचे विद्यार्थी, त्यांना शिकवणारे शिक्षक आणि बागकाम किंवा शेती करताना वारसा कसा चालतो हे जाणून घेऊ इच्छिणारे वाचक यांच्यासाठी आहे. पाठ्यपुस्तकात हे प्रकरण बहुधा अवस्थांच्या नावांनी सुरू होते, आणि विद्यार्थी लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन अशी यादी पाठ करून परीक्षेला जातो. माझ्या मते यात सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. गुणसूत्रांची संख्या निम्मी होणे हा परिणाम आहे. खरी घटना त्याआधीची आहे. आईकडून आलेले आणि वडिलांकडून आलेले गुणसूत्र एकमेकांना शोधून जोडीने उभे राहतात, ती ही घटना. ही जोडी कशी जुळते आणि कशी सुटते हे डोळ्यांपुढे उभे राहिले, की वारशाचे नियम मांडणाऱ्या मेंडेलची प्रमाणे, बिनबियांची केळी आणि संकरित बियाणे दरवर्षी विकत का घ्यावे लागते, हे सारे एका धाग्याने जोडले जाते.

पहिली पायरी: तीन संकल्पना पक्क्या करणे

पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रे, म्हणजे जनुके वाहणारे डीएनएचे धागे, जोड्यांनी असतात. माणसात २३ जोड्या म्हणजे ४६, कांद्यात ८ जोड्या म्हणजे १६ आणि वाटाण्यात ७ जोड्या म्हणजे १४ गुणसूत्रे असतात. जोडीतले एक गुणसूत्र मातेकडून व दुसरे पित्याकडून आलेले असते. दोघांवर त्याच जनुकांच्या जागा त्याच क्रमाने असतात, पण त्या जागांवरची जनुकरूपे, म्हणजे त्याच जनुकाचे नमुने, वेगळी असू शकतात. अशा दोघांना सजातीय गुणसूत्रे म्हणतात.

दुसरी संकल्पना अर्धगुणसूत्राची. विभाजनापूर्वी पेशी आपल्या सर्व डीएनएची प्रत काढते, त्यामुळे प्रत्येक गुणसूत्र दोन तंतोतंत सारख्या अर्धगुणसूत्रांचे बनते आणि हे दोन भाग गुणसूत्रबिंदूपाशी एकत्र धरलेले राहतात. सजातीय गुणसूत्रे म्हणजे दोन वेगळ्या घराण्यांकडून आलेली माणसे आणि अर्धगुणसूत्रे म्हणजे एकाच कागदाच्या दोन प्रती, एवढा भेद मनात ठेवल्यास पुढचा अर्धा गोंधळ टळतो.

तिसरी संकल्पना मोजणीची आहे. गुणसूत्रे मोजताना गुणसूत्रबिंदू मोजावेत. प्रत काढल्यावर डीएनए दुप्पट होतो, पण गुणसूत्रांची संख्या वाढत नाही. पहिल्या विभाजनात संख्या निम्मी होते. दुसऱ्या विभाजनात अर्धगुणसूत्रे वेगळी होतात, प्रत्येक पेशीतला डीएनए पुन्हा निम्मा होतो, परंतु संख्या तीच राहते. विद्यार्थी सर्वांत जास्त वेळा अडखळतात ते याच ठिकाणी, म्हणून पुढचा प्रयोग केल्याशिवाय हे समजले असे समजू नये.

दुसरी पायरी: लोकर घेऊन बसणे

तुळशीबागेत मिळणारी साधी लोकर पुरेशी आहे. लाल धागे मातेकडचे आणि निळे धागे पित्याकडचे समजावेत. लाल रंगाचे एकसारखे दोन लांब तुकडे मधोमध दोऱ्याने बांधावेत, म्हणजे दोन अर्धगुणसूत्रांचे एक गुणसूत्र तयार होईल. तसेच एक लांब निळे, एक आखूड लाल आणि एक आखूड निळे गुणसूत्र करावे. आता आपल्यापुढे दोन जोड्यांची, म्हणजे चार गुणसूत्रांची एक पेशी आहे.

आता लांब लाल गुणसूत्र लांब निळ्याशेजारी व आखूड लाल आखूड निळ्याशेजारी टोकाला टोक जुळवून ठेवावे. ही झाली पहिली पूर्वावस्था. इथे घाई करू नये. लांब जोडीतल्या एका लाल व एका निळ्या धाग्याला एकाच अंतरावर कात्री लावून तुटलेले शेवट अदलाबदल करून गाठावेत. हाच जनुकीय पुनःसंयोग, ज्याला वर्गात सर्रास क्रॉसिंग ओव्हर म्हटले जाते. खऱ्या पेशीत अशी जोडी ओढली तर ती सहज सुटत नाही, कारण तिथे अर्धगुणसूत्रे भुजांच्या लांबीभर एकमेकांना चिकटलेली असतात आणि अदलाबदलीच्या जागी दोन्ही गुणसूत्रे एकमेकांत अडकतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा हा अडकलेला बिंदू म्हणजे कायाझ्मा. पुनःसंयोगामुळे विविधता येते हे सर्वांना माहीत असते, परंतु कायाझ्मामुळे जोडी एकत्र धरलेली राहते, ही त्याची दुसरी आणि तितकीच मोलाची कामगिरी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दोन्ही बाजूंचे तर्कुतंतू (गुणसूत्रांना ओढणारे पेशीतले धागे) जोडीला ओढू लागतात तेव्हा कायाझ्मा तिला सुटू देत नाही, आणि या ताणामुळेच जोडी पेशीच्या मधोमध, विषुववृत्तीय प्रतलावर, नीट उभी राहते. जी जोडी कायाझ्माविना राहते तिचे दोन्ही सदस्य चुकून एकाच ध्रुवाकडे, म्हणजे पेशीच्या एकाच टोकाकडे, जाण्याचा धोका वाढतो.

यानंतर जोड्या सोडवाव्यात. लांब लाल डावीकडे गेले, तर आखूड लाल डावीकडेच जाईल असे काहीही बंधन नाही; ते उजवीकडेही जाऊ शकते. दोन्ही मांडण्या करून पाहाव्यात आणि वहीत उतरवाव्यात. दोन जोड्यांसाठी चार प्रकारची युग्मके (नर किंवा मादी लिंगपेशी) मिळतात, तीन जोड्यांसाठी आठ, आणि दर जोडीमागे हा आकडा दुप्पट होत जातो. कांद्यात तो २५६ आहे. माणसात केवळ या मांडणीतूनच ८३,८८,६०८ प्रकारची युग्मके शक्य आहेत, आणि पुनःसंयोग जमेस धरला तर तो हिशेब मांडणेही कठीण होते. याच्या दुसऱ्या टोकाला सह्याद्रीच्या रानातले भेकर आहे: भेकराच्या मादीत फक्त ६ आणि नरात ७ गुणसूत्रे असतात, सस्तन प्राण्यांत याहून कमी कोठेही आढळलेली नाहीत. मादीत तीनच जोड्या असल्यामुळे नुसत्या मांडणीतून आठच प्रकारची अंडी शक्य आहेत, म्हणून तिच्या लांबलचक गुणसूत्रांवरचा पुनःसंयोग विविधतेसाठी किती मोलाचा ठरतो हे सहज लक्षात येईल.

शेवटी दोन्ही गटांतील प्रत्येक गुणसूत्राची मधली गाठ सोडून त्याचे दोन धागे वेगळे करावेत. हे दुसरे विभाजन आहे, आणि ते सूत्री विभाजनासारखेच, म्हणजे शरीराच्या वाढीतल्या नेहमीच्या पेशीविभाजनासारखेच, चालते, म्हणून त्यावर अधिक वेळ घालवण्याची गरज नाही. फक्त एक फरक नोंदवावा: पुनःसंयोग झालेल्या गुणसूत्रात आता दोन धागे सारखे उरलेले नाहीत, त्यामुळे शेवटी मिळणाऱ्या चारही पेशी एकमेकींहून वेगळ्या आहेत.

तिसरी पायरी: कांद्याच्या गोंड्यात प्रत्यक्ष पाहणे

पुणे जिल्ह्यात राहणाऱ्याला या प्रयोगासाठी दूर जावे लागत नाही. खेड, जुन्नर, शिरूर भागात कांदा मोठ्या प्रमाणावर होतो, आणि राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला हिवाळ्यात डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात आणि त्यांच्या टोकाला फुलांचा गोंडा धरतो. गोंड्यावरचे पातळ पांढरट आवरण नुकतेच फाटू लागले असेल असा गोंडा शेतकऱ्याला विचारून सकाळी तोडावा. एकाच गोंड्यात लहानमोठ्या, वेगवेगळ्या वयाच्या कळ्या असतात, हाच कांद्याचा मोठा फायदा आहे.

कळ्या तोडल्याबरोबर त्यांतल्या पेशी जागच्या जागी थांबवाव्या लागतात. त्यासाठी तीन भाग शुद्ध अल्कोहोल व एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल यांचे ताजे मिश्रण वापरतात. त्यात कळ्या साधारण चोवीस तास ठेवून मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये शीतकपाटात जपून ठेवता येतात. ग्लेशियल ॲसेटिक आम्ल त्वचा भाजते आणि अल्कोहोल झटकन पेट घेते, म्हणून हे काम घरी न करता महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, हातमोजे घालून आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली करावे.

पुढचे काम सबुरीचे आहे. मधल्या आकाराची कळी काचपट्टीवर घेऊन सुईने उघडावी. आत सहा पुंकेसर असतात. परागकोश पिवळा दिसत असेल तर उशीर झाला आहे, आत परागकण तयार झालेले आहेत. फिकट, अर्धपारदर्शक परागकोश हवा. एक परागकोश ॲसेटोकार्माइन या गुणसूत्रे रंगवणाऱ्या द्रावणाच्या थेंबात ठेवून लोखंडी सुईनेच चिरडावा, कारण सुईतून सुटणाऱ्या लोहाच्या अंशामुळे रंग गडद चढतो. परागकोशाच्या भिंतीचे तुकडे बाजूला काढून आच्छादक काच ठेवावी, काचपट्टी स्पिरिटच्या दिव्यावरून दोन-तीनदा फिरवून किंचित गरम करावी, पण थेंब उकळू देऊ नये. नंतर टीपकागदाच्या घडीत धरून अंगठ्याने सरळ खाली दाबावी. काच सरकली तर पेशी फाटतात आणि पुन्हा सुरुवात करावी लागते.

कमी वर्धनावर आधी मोठ्या, गोलसर परागमातृपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून परागकण होतात त्या पेशी, शोधाव्यात. एका परागकोशातल्या पेशी बऱ्याच अंशी एकाच अवस्थेत असतात, म्हणून अवस्था जुळली नाही तर तीच काचपट्टी चाळत न बसता शेजारची लहान किंवा मोठी कळी घ्यावी. पहिल्या मध्यावस्थेतली पेशी सापडली की तिच्यात लालसर रंगाचे आठ ठसठशीत तुकडे मोजता येतात. ते आठ म्हणजे आठ गुणसूत्रे नव्हेत, आठ जोड्या होत. काही वळ्यासारखे दिसतात, कारण त्यांच्या दोन्ही भुजांवर कायाझ्मा असतो. काही दांड्यासारखे दिसतात, कारण तो एकाच भुजेवर असतो. लोकरीने शिकलेली गोष्ट इथे खऱ्या पेशीत दिसते, आणि माझ्या अनुभवात याच क्षणी विद्यार्थ्याचे पाठांतर गळून पडते. पुढच्या अवस्थेतल्या पेशीत आठ-आठ गुणसूत्रांचे दोन गट दिसतील. कांद्यात पहिल्या विभाजनानंतर लगेच मधली भित्तिका तयार होते, त्यामुळे दोन पेशींची पायरीही स्पष्ट ओळखता येते, आणि शेवटी एकाच आवरणात बसलेल्या चार लहान पेशींचा गट दिसतो.

कांद्याचा हंगाम नसेल तर कुंपणांत आणि सोसायट्यांच्या बागांत शोभेसाठी लावलेला, खालून जांभळ्या पानांचा रिओ घ्यावा. मात्र त्यात जोड्या दिसणार नाहीत. रिओच्या गुणसूत्रांचे तुकडे पूर्वी कधीतरी एकमेकांत बदलले गेल्यामुळे त्याची बाराही गुणसूत्रे टोकाला टोक लागून एक वलय किंवा साखळी करतात. नवशिक्याने कांदा आधी आणि रिओ नंतर पाहावा.

चौथी पायरी: मेंडेलची प्रमाणे पेशीत शोधणे

ग्रेगोर मेंडेलचा निबंध १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा गुणसूत्रांचे वर्तन कोणालाच ठाऊक नव्हते. नाकतोड्याच्या पेशींचा अभ्यास करणाऱ्या वॉल्टर सटन या तरुणाने १९०२-०३ मध्ये दाखवून दिले की मेंडेलचे घटक जसे वागतात तशीच गुणसूत्रे वागतात. थिओडोर बोव्हेरीही त्याच सुमारास त्याच निष्कर्षाच्या दिशेने गेला होता. लोकरीच्या प्रयोगात जोडी सुटली तो क्षण म्हणजे मेंडेलचा विभक्तीकरणाचा नियम, आणि आखूड जोडीने लांब जोडीची पर्वा न करता बाजू निवडली तो क्षण म्हणजे स्वतंत्र विभाजनाचा नियम. दोन लक्षणांच्या संकरात दुसऱ्या पिढीत दिसणारे ९:३:३:१ हे प्रमाण यातूनच येते.

परंतु एकाच गुणसूत्रावरच्या दोन जनुकांचे काय? ते जवळजवळ असतील तर सहसा एकत्रच जातात आणि दूर असतील तर त्यांच्या मध्ये पुनःसंयोग होऊन वेगळे होतात. आल्फ्रेड स्टर्टेव्हंटने १९१३ मध्ये याच गोष्टीचा उपयोग करून फळमाशीच्या एका गुणसूत्राचा पहिला नकाशा काढला: शंभर युग्मकांपैकी दहांत नवा मेळ दिसला तर त्या दोन जनुकांमधले अंतर दहा एकक. हा आकडा पन्नासच्या वर जात नाही, कारण एका पुनःसंयोगात चारपैकी दोनच धागे भाग घेतात. शंका असल्यास लोकर पुन्हा हाती घ्यावी. मेंडेलची सात लक्षणे वाटाण्याच्या सात वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, असे अजूनही काही ठिकाणी शिकवले जाते, ते खरे नाही. त्यांपैकी काही एकाच गुणसूत्रावर आहेत, पण पुरेशी दूर असल्यास ती स्वतंत्र असल्यासारखीच वागतात.

शेतकऱ्याला हाच नियम बियाण्याच्या पिशवीत भेटतो. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा संकरित वाण आला, आणि संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे असा सल्ला त्याबरोबर गावोगाव पोहोचला. संकराच्या पहिल्या पिढीतली सर्व रोपे एकसारखी असतात, पण त्यांचेच दाणे पुन्हा पेरले तर त्यांच्या परागकोशात जोड्या सुटलेल्या असतात आणि पुढच्या पिढीत उंच-ठेंगणी, लवकर-उशिरा पिकणारी अशी सरमिसळ निघते. यात फसवणुकीचा संशय घेण्यापेक्षा पेशीतले कारण समजून घेणे शेतकऱ्याच्या अधिक उपयोगाचे आहे.

पाचवी पायरी: निरनिराळ्या जीवांना तेच प्रश्न विचारणे

कोणताही नवा जीव समोर आला की तीन प्रश्न विचारावेत: गुणसूत्रे किती, ती जोडीने उभी राहतात का, आणि विभाजनातून तयार झालेल्या पेशीचे पुढे काय होते.

माणसात शुक्रपेशी यौवनापासून सतत तयार होत असतात आणि एका मातृपेशीपासून चार मिळतात. स्त्रीच्या बाबतीत मात्र हे विभाजन ती आईच्या पोटात असतानाच सुरू होते, पहिल्या पूर्वावस्थेत थांबते आणि यौवनानंतर दर महिन्याला एखादीच पेशी पुढे सरकते. दुसरे विभाजन तर शुक्रपेशीचा प्रवेश झाल्यावरच पूर्ण होते, आणि चारऐवजी एकच मोठे अंडे व नाममात्र ध्रुवपेशी मिळतात. म्हणजे चाळिशीतल्या स्त्रीच्या अंडपेशीत जोड्या चार दशके एकमेकांना धरून थांबलेल्या असतात. ही पकड सैल झाली तर एकविसाव्या जोडीचे दोन्ही सदस्य एकाच अंड्यात जाऊ शकतात, आणि त्यातून डाऊन सिंड्रोम उद्भवतो. एकविसाव्या गुणसूत्राची ही तिसरी प्रत १९५९ मध्ये फ्रान्समध्ये ओळखली गेली. मातेच्या वयाबरोबर ही शक्यता वाढते, परंतु तिच्या वागण्यात वा आहारात याचे कारण शोधणे सर्वस्वी अन्यायाचे आहे. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणेही तसेच. आईच्या प्रत्येक अंड्यात एक्स गुणसूत्रच असते. वडिलांच्या पेशीत एक्स व वाय वेगळे होतात आणि निवड तिथे ठरते. शाळेत हा धडा शिकलेल्या घरांतही हा दोष बाईच्याच माथी मारला जातो, म्हणून तो धडा इथे पुन्हा स्पष्ट लिहिला आहे. कोंबड्यांमध्ये व्यवस्था उलट असते. तिथे वेगवेगळी लिंग-गुणसूत्रे मादीकडे असतात.

मधमाशीत नर हा फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो, त्याच्याकडे १६ च गुणसूत्रे असतात, राणीकडे ३२. नराकडे जोडीच नसल्यामुळे शुक्रपेशी तयार होताना संख्या निम्मी करणारा टप्पा गाळला जातो आणि एका नराच्या सर्व शुक्रपेशी जनुकीयदृष्ट्या एकसारख्या असतात. एकाच नराच्या कामकरी मुली म्हणूनच एकमेकींच्या इतक्या जवळच्या असतात. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे; तिथल्या प्रशिक्षणाला जाणाऱ्याने हे आधी समजून घेतल्यास राणीची निवड का महत्त्वाची असते ते लवकर कळते.

पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर दिसणाऱ्या नेच्यांच्या पानांखाली तपकिरी ठिपके असतात. त्यांत अर्धगुणसूत्री विभाजन होते, पण त्यातून युग्मके तयार होत नाहीत, बीजाणू होतात. बीजाणू रुजून लहानसे हिरवे पातळ शरीर वाढते आणि युग्मके त्यावर, साध्या सूत्री विभाजनाने येतात. युग्मकांसाठीच हे विभाजन असते ही समजूत प्राण्यांपुरती खरी आहे. नेच्यांच्याच नातलगांतल्या ऑफिओग्लॉसम रेटिक्युलेटममध्ये बाराशेहून अधिक गुणसूत्रे असतात आणि तीही जोडीने उभी राहतात, हे भेकराशेजारी ठेवून पाहावे.

आपण खातो त्या केळीत प्रत्येक गुणसूत्राच्या तीन प्रती, एकूण ३३, असतात. तिघांची जोडी जुळत नाही, वाटणी विषम होते, युग्मके निकामी होतात आणि फळात बी धरत नाही. म्हणून केळी कंदाने किंवा ऊतिसंवर्धनाने लावतात. खेचराचे ६३ गुणसूत्रांचे गणितही असेच अडते, कारण घोड्याची ६४ व गाढवाची ६२. आंब्यातही एक अपवाद आहे: केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या काही बहुभ्रूणी जातींच्या कोयीतून मातेच्याच ऊतीपासून भ्रूण वाढतात, त्यामुळे तशी रोपे मूळ झाडासारखीच निघतात. हापूस त्या जातींपैकी नाही.

सरावासाठी गहू घ्यावा. पोळीचा शरबती गहू तीन पूर्वजांच्या गुणसूत्रांचा मिळून ४२ चा आहे, आणि तरीही एका पूर्वजाची गुणसूत्रे दुसऱ्याच्या मिळत्याजुळत्या गुणसूत्रांशी जोडी करत नाहीत. १९५८ मध्ये असे दिसून आले की ५बी या गुणसूत्रावरचा एक घटक, ज्याला पुढे पीएच१ नाव मिळाले, ही शिस्त राखतो. तो नसेल तर भलत्याच जोड्या जुळतात. खीर-लापशीसाठी वापरला जाणारा खपली गहू मात्र २८ गुणसूत्रांचा आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी गव्हाचे वाण घडवणाऱ्यांना खपलीचे गुण शरबतीत आणायचे असतील, तर संकराच्या पहिल्या पिढीत एकवीस आणि चौदा मिळून ३५ गुणसूत्रे येतील. त्यांच्या चौदा जोड्या जुळतील आणि सात गुणसूत्रे एकटी पडतील. एकटी राहिलेली सातही वाट्टेल त्या ध्रुवाकडे जातात, त्यामुळे युग्मकांत १४ पासून २१ पर्यंत कितीही गुणसूत्रे असू शकतात, आणि दाणे कमी धरतात. म्हणून असे रोप शरबतीशी पुन्हा पुन्हा संकरित करून, दर पिढीत परागकोश तपासून, एकवीस पूर्ण जोड्या दाखवणारी रोपे निवडावी लागतात.